खेड्यातल्या घरी पहिला रेकॉर्डिंग स्टुडिओ: कोणते उपकरण, कोणत्या क्रमाने

मी माझा पहिला कंडेन्सर माईक भर एप्रिल महिन्यात घेतला आणि त्याच संध्याकाळी एक अभंग रेकॉर्ड करून पाहिला. ऐकायला बसलो तेव्हा गायकाच्या आवाजाखाली कुलरची मोटर होती, शेजारच्या बोअरवरचा पंप होता, आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत टिनावरून धावत गेलेल्या खारीची पावलेसुद्धा स्पष्ट मोजता येत होती. माईकमध्ये कोणताही दोष नव्हता. तो फारच चांगला होता, आणि नेमकी तीच अडचण होती. त्या अनुभवानंतर कोणी सल्ला विचारला की मी उपकरणांची यादी देण्याआधी त्याची खोली आणि त्याच्या घरची विजेची लाईन पाहतो, कारण शहरातल्या माणसाने केलेली खरेदीची यादी आपल्याकडच्या टिनाखाली आणि आपल्या डीपीवर तशीच्या तशी चालत नाही.

पुढे सांगितलेला क्रम साधारण ३० हजार रुपयांच्या बेतासाठी आहे. त्यातले सहा-सात हजार खोली आणि विजेसाठी बाजूला ठेवावेत, नऊ-दहा हजार इंटरफेससाठी (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), सहा-सात हजार माईकसाठी, चार-पाच हजार हेडफोनसाठी आणि उरलेले स्टँड व केबलसाठी ठेवावेत. लॅपटॉप घरात आहे असे यात गृहीत धरले आहे. भाव वरखाली होत राहतात, म्हणून आकड्यांपेक्षा त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण लक्षात घ्यावे.

आधी काम ठरवावे

गावात घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडे येणारे काम तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार निव्वळ बोलण्याचा: बाजाराच्या दिवशी ऑटोवर भोंगा लावून फिरवायची जाहिरात, यूट्यूबवरची शेतीविषयक माहिती, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकाची जाहिरात. दुसरा प्रकार गायन आणि सोबत एखादे वाद्य, म्हणजे बहुधा पेटी. तिसरा प्रकार पूर्ण भजन मंडळाचा, ज्यात खंजेरी, टाळ, तबला, पेटी आणि मागे धरणारे पाच-सहा जण एकाच खोलीत बसतात.

पहिल्या प्रकाराला माईकचा एकच इनपुट, म्हणजे इंटरफेसवर माईक जोडायची जागा, पुरतो. दुसऱ्याला दोन लागतात. तिसऱ्यासाठी आठ इनपुटची स्वप्ने पडू लागतात, परंतु पहिल्या स्टुडिओत ती पाहू नयेत. दोन माईकवर मंडळाची बैठक नीट मांडून घेतलेले रेकॉर्डिंग हे आठ माईक अंदाजाने उभे करून घेतलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा पुष्कळदा सरस निघते. म्हणून आज केवळ बोलण्याचे काम असले तरी माझा सल्ला दोन इनपुटचाच राहील, कारण ज्या घरात माईक आहे त्या घरी भजन मंडळ आज ना उद्या येतेच.

खोलीची निवड: एक रुपयाही खर्च करण्याआधी

ज्या खोल्या उपलब्ध असतील त्या प्रत्येक खोलीत मोबाईल ठेवून पहाटे पाच, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन वेळांना पाच-पाच मिनिटे काहीही न बोलता रेकॉर्ड करावे आणि नंतर इअरफोन लावून ते ऐकावे. आपल्या कानांना ज्याची सवय झालेली असते ते सगळे त्यात सापडते: पिठाची चक्की, सोयाबीनच्या हंगामातले मळणीयंत्र, रात्रपाळीच्या लाईनवर सुरू होणारे पंप. सर्वांत कमी आवाजाची खोली आणि सर्वांत कमी आवाजाची वेळ या दोन्ही गोष्टी यातून कळतात, आणि खोलीइतकीच वेळही महत्त्वाची असते.

त्यानंतर खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. नव्या स्लॅबच्या घरातली दहा बाय दहाची, फरशी बसवलेली, रंगवलेली खोली दिसायला सर्वांत नीटनेटकी असते आणि आवाजासाठी बहुधा सर्वांत वाईट असते. टाळीनंतर तेथे धातूसारखा झणझणाट उरतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमू लागतो, आणि लांबी, रुंदी व उंची सारखीच असेल तर तिन्ही दिशांची घुमी त्याच एका जागी साचते. त्यामुळे खालच्या पट्टीतला तबल्याचा डग्गा फुगून ऐकू येतो. चौरस खोलीपेक्षा लांबट खोली निवडण्याचे हेच कारण आहे.

याउलट शेणाने सारवलेल्या, मातीच्या जाड भिंतींच्या आणि वर कवेलू असलेल्या जुन्या खोलीत टाळी पटकन विरते, कारण तिच्या भिंती ओबडधोबड असतात आणि वरच्या फाट्या-वासे आवाज विखरून टाकतात. कवेलूंच्या फटींतून बाहेरचा आवाज आत येतो हा तिचा दोष आहे, तरी पहाटेच्या वेळेसाठी मी अशीच खोली पसंत करीन. टिनाची खोली मात्र शक्यतो टाळावी. पावसाळ्यात ती चार महिने निकामी होते आणि उन्हाळ्यात टिन तापताना व निवताना कडकड वाजत राहते.

आवाज जिरवण्याची खरी शिकवण आपल्याकडे घरातच आहे. भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेल्या खोलीत कधी बोलून पाहावे. तोंडातून निघालेला शब्द जागीच मरतो. अर्थात त्या खोलीत रेकॉर्डिंग करू नये, कारण उघड्या कापसाजवळ विजेची जोडणी म्हणजे आगीला निमंत्रण आहे, आणि अंगाला सुटणारी खाज वेगळीच. पण गुण तोच ठेवून कापसाची जुनी जाड गादी वापरता येते. चार इंच जाडीची गादी भिंतीला चिकटवून उभी केली तर ती साधारण ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज चांगला खाते. तीच गादी भिंतीपासून चार इंच सोडून लाकडी चौकटीवर उभी केली की तिचा परिणाम त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ४०० हर्ट्झच्या आसपास खाली उतरतो. गादी तीच राहते, फक्त मागे मोकळी हवा सोडल्याने हा फायदा मिळतो. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीवर चिकटवण्याचा प्रकार अजूनही दिसतो. त्यांनी आवाज जवळजवळ जिरत नाही, धूळ साचते आणि ते लवकर पेटतात.

गादी कोठे लावायची याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. माईकच्या मागे गादी लावली की काम झाले असे वाटते, परंतु कार्डिऑइड माईक पाठीमागचे फार कमी ऐकतो आणि समोरचे सर्व ऐकतो, म्हणजेच गायकाच्या पाठीमागची भिंत त्याच्या थेट नजरेत असते. त्यामुळे पहिली गादी गायकाच्या पाठीशी उभी करावी, दुसरी व तिसरी त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि खाली सतरंजी अंथरावी. खिडकी किंवा बाहेरच्या आवाजाची दिशा माईकच्या पाठीमागे येईल अशा बेताने गायकाला बसवावे.

लाईन, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

या विषयावर शहरी मार्गदर्शनात एखादे वाक्य असते. आपल्याकडे त्याला पूर्ण दिवस द्यावा लागतो. माझा एक इंटरफेस असाच गेला. तो वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा होता, लाईन गेली तेव्हा मी बटण बंद केले नाही, आणि लाईन परत आली ती एवढ्या दाबाने आली की अडॅप्टरसकट आतला भाग जळाला. तेव्हापासून मी फक्त लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा इंटरफेस घेतो. लॅपटॉप बॅटरीवर असला की रेकॉर्डिंगचा सगळा संच घरच्या लाईनपासून पूर्ण वेगळा होतो. लाईन जावो, येवो, चालू असलेले गाणे तुटत नाही.

बॅटरीवर चालवण्याचा दुसरा फायदा म्हणजे घुंई, म्हणजे विजेची सतत येणारी गुणगुण, टळते. चार्जर लावल्यावर हेडफोनमध्ये बारीक घुंई येते आणि चार्जर काढताच ती थांबते, असे झाले तर दोष माईकचा नसून अर्थिंगचा आहे असे समजावे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही घुंई ५० आणि १०० हर्ट्झवर ठाण मांडून बसते, जेथे पेटीचा खर्ज आणि डग्गाही असतो, म्हणून ती नंतर कापून काढणे अवघड जाते. काही जण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडतात. असे कधीही करू नये. घुंई कदाचित कमी होईल, परंतु घामेजल्या हाताने माईक धरणाऱ्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्यावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पट्टीभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्यातून दोन वेळा बादलीभर पाणी ओतले तरी फरक कानांना जाणवतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते पाहावे. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा गुरगुरतो तसाच चार्जरही गुरगुरतो आणि ती गुरगुर रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

इंटरफेस

बाजारात ज्याला साऊंड कार्ड म्हणतात तो हा डबा. माईकचा अत्यंत क्षीण संकेत वाढवणे आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करून लॅपटॉपकडे पाठवणे ही त्याची दोन कामे आहेत. फोकसराईटचा स्कार्लेट २आय२ आणि बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी हे दोन्ही दोन माईक इनपुटचे, यूएसबीवर चालणारे आणि सहज मिळणारे आहेत. बेत तोकडा असेल तर दुसरा घेण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. विकत घेताना चार गोष्टी पडताळाव्यात: दोन्ही इनपुटला माईक प्रीॲम्प (माईकचा संकेत वाढवणारा भाग) आहेत ना, ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच कंडेन्सर माईकला मिळणारी वीज) आहे ना, हेडफोनचा आवाज वेगळ्या गोल बटणाने कमीजास्त होतो ना, आणि डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय आहे ना. या शेवटच्या सोयीने गायकाला स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट ऐकू येतो, त्यामुळे जुन्या, मंद लॅपटॉपवरही ताल चुकत नाही.

रंगीत दिव्यांची, हसण्या-टाळ्यांच्या आवाजाची बटणे असलेली स्वस्त ‘लाइव्ह’ साऊंड कार्डे या कामाची नाहीत. तसेच ऑर्केस्ट्रावाल्यांकडचा जुना यूएसबी मिक्सर फुकट मिळत असला तरी एक गोष्ट विचारून घ्यावी: असे अनेक मिक्सर सर्व माईकचा मिळून एकच डावा-उजवा आवाज लॅपटॉपकडे पाठवतात, आणि मग पेटी मोठी झाली म्हणून ती नंतर वेगळी कमी करता येत नाही.

माईक

कंडेन्सर माईक बारीकसारीक सर्व टिपतो, त्याला फँटम पॉवर लागते, आणि शांत खोली नसेल तर तो शत्रू ठरतो. डायनॅमिक माईक जवळचेच ऐकतो, दणकट असतो, धूळ आणि उष्णता सोसतो. गावातल्या पहिल्या स्टुडिओसाठी पहिला माईक डायनॅमिक असावा, या मतावर मी ठाम आहे. शुअरचा एसएम५८ हा १९६६ सालापासून बाजारात आहे आणि आजही बोलण्यासाठी व गाण्यासाठी तो पुरेसा आहे. त्याची नक्कल फार विकली जाते. खऱ्या माईकचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते, नकली बहुधा हलका लागतो, त्यामुळे किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहण्यात लाज बाळगू नये आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खोली खरोखर शांत निघाली, तर दुसरा माईक म्हणून ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२०सारखा कंडेन्सर घ्यावा, जो पेटीवर आणि मंडळावर छान चालतो.

मंडपातला जुना माईक घरात असेल तर आधी तोच वापरून पाहावा, मात्र त्याची केबल तपासावी. अशा केबलच्या टोकाला बहुधा पी-३८ जॅक, म्हणजे एकाच लांब पिनेचा जॅक, असतो. तो इंटरफेसच्या इनपुटच्या मधल्या भोकात बसतो खरा, परंतु ते भोक गिटार किंवा लाइन संकेतासाठी असते, माईकच्या प्रीॲम्पला ते जोडलेले नसते. आवाज मुंगीएवढा येतो आणि माणूस माईकला दोष देतो. तीन पिनांची, दोन्ही बाजूंना एक्सएलआर असलेली केबल लावताच तोच माईक बोलू लागतो. तीन तारांची ही जोडणी बाहेरून शिरणारी खरखर आपोआप रद्द करते, म्हणून केबलवर दोनशे रुपये वाचवू नयेत.

माईक तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित तिरका ठेवावा. अंतर दुप्पट केले की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, खोलीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे वाईट खोलीत जवळ जाणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘प’ आणि ‘भ’ यांचे फटके अडवण्यासाठी भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये नायलॉनचा पातळ मोजा ताणून बसवला की पॉप फिल्टर तयार होतो.

खंजेरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हे वाद्य आपल्या गावागावांत पोहोचवले आणि तिचे रेकॉर्डिंग बहुतेकांचे बिघडते. तिची थाप क्षणार्धात एवढी उसळते की गायनासाठी लावलेले गेन (इंटरफेसवर माईकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) तिच्यापुढे जास्त ठरते आणि आवाज फुटतो. खंजेरीवाल्याला माईकपासून तीन-चार हात दूर, गायकापेक्षा मागे आणि बाजूला बसवावे, सर्वांत जोरदार थाप मारायला सांगावी, आणि त्या थापेला सॉफ्टवेअरमधल्या पातळीच्या पट्टीवरचा आकडा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढेच गेन ठेवावे. टाळकरी त्याहून मागे बसवावेत. मंडळाच्या जुन्या लोकांना ही नवी बैठक आवडत नाही. आमच्याकडे एका वयस्क टाळकऱ्याने ‘मले काहून दारात बसवलं?’ असे विचारले होते, आणि रेकॉर्डिंग ऐकवल्यावरच त्यांची समजूत पटली.

हेडफोन, स्पीकर आणि लॅपटॉप

हेडफोन कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा असावा, अन्यथा त्यातून गळणारी चाल माईकमध्ये शिरते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स सुरुवातीला पुरतो. ब्लूटूथचा हेडफोन कितीही महाग असला तरी रेकॉर्डिंगसाठी तो निरुपयोगी आहे, कारण त्यातला आवाज उशिरा पोहोचतो आणि गायक तालाच्या मागे पडतो. स्टुडिओचे मॉनिटर स्पीकर पहिल्या वर्षी घेऊच नयेत. दहा बाय दहाच्या खोलीत ते खोलीचीच घुमी ऐकवतात आणि त्या पैशांत दुसरा माईक येतो.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आणि एसएसडी बसवलेला असला की झाले. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणे हा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा शहाणपणाचा खर्च आहे. नुसत्या बोलण्याच्या कामाला ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर विनामूल्य आणि पुरेसे आहे. गाण्यासाठी रीपर घ्यावा, तो ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतो आणि जुन्या यंत्रावरही हलका चालतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना कमी उशिराने जोडणारा प्रोग्राम) टाकावा. नेटवर्क घरात मिळत नसेल तर हे सर्व तालुक्याच्या ठिकाणीच उतरवून, सुरू करून, मगच घरी यावे.

पहिली जोडणी

सर्व बटणे शून्यावर ठेवून केबल जोडावी, कंडेन्सर असेल तर त्यानंतर फँटम सुरू करावी, आणि माईक काढताना आधी फँटम बंद करून अर्धा मिनिट थांबावे. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट निवडावे, गाण्यासाठी ४४.१ किलोहर्ट्झ आणि व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ घ्यावे. एका माईकचे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा घेते, म्हणजे तासाला अर्ध्या जीबीहून थोडे अधिक. जागेची चिंता करण्याचे कारण नाही. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, रेकॉर्डिंगच्या वेळी १२८ वर ठेवावा, लॅपटॉप अडखळू लागला तर २५६ वर न्यावा. आवाजाची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबल यांच्या दरम्यान राहावीत. ऑर्केस्ट्राच्या सवयीने लाल दिव्यापर्यंत आवाज चढवण्याची गरज नाही, कारण २४ बिटमध्ये कमी पातळीवर घेतलेला आवाज नंतर निर्धास्तपणे वाढवता येतो, आणि एकदा फुटलेला आवाज मात्र कशानेही जुळत नाही.

पहिले रेकॉर्डिंग झाले की ते हेडफोनवर ऐकावे, मग मोबाईलच्या स्पीकरवर, आणि शेवटी पेनड्राइव्हमध्ये घालून एखाद्या ट्रॅक्टरवरच्या टेपवर ऐकावे. गावातले बहुतेक श्रोते ते शेवटी तेथेच ऐकणार असतात. तेथे शब्द कळला तर पातळी बरोबर आहे.

ऊन, दमट हवा आणि धूळ

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा कुलर बंद करून दुपारी कोणी गाऊ शकत नाही, आणि कुलर चालू ठेवून रेकॉर्ड करता येत नाही. आम्ही उन्हाळ्यात पहाटे चार ते सात एवढाच वेळ धरतो. रात्रभर कुलर चालवून खोली थंड करायची, साडेतीनला तो बंद करायचा, आणि हवेतला ओलावा थोडा उतरेपर्यंत माईक डब्यातच ठेवायचा. कंडेन्सरच्या पातळ पडद्याला ओल लागली की तो फटफट असा आवाज करू लागतो. पावसाळ्यात तर माईक काम संपताच झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्या ओलावल्या तर तापल्या तव्याच्या जवळ, तव्यावर नव्हे, ठेवून सुकवाव्यात. इंटरफेसवर सुती फडके टाकावे, परंतु तो चालू असताना काढून घ्यावे, कारण चालू इंटरफेस तसाही बऱ्यापैकी तापतो.